थोरलीचं धाकटीला

“दिलेली वस्तू नीट ठेवायची सवयच नाही तिला. पहिल्यापासून.”

हे वाक्य पडद्यापलीकडून आलं, दबक्या आवाजात, फोनवर बोलताना माणूस तोंडापुढे हात धरतो तसं. पण वॉर्डातला पडदा म्हणजे धुऊन धुऊन विरलेलं हिरवं कापड. त्यातून शब्दच काय, बोलणारीचा सुस्काराही अलीकडे गळत होता. ताई भावोजींशी बोलत होती. धाकटी पलंगावर उताणी पडली होती, डाव्या हातात सुई, वरच्या बाटलीतून औषध थेंबथेंब उतरत होतं, आणि तिच्या मनात आधी आलं ते असं की या पडद्याची खालची दुमड कुणीतरी उलट्या बाजूने घातली आहे. कपडे दुरुस्तीच्या दुकानात उभा जन्म गेल्यावर नजर आधी शिवणीकडे जाते, त्याला इलाज नाही. वाक्य मागाहून आत गेलं. वस्तू. छत्री नव्हे, कंपासपेटी नव्हे, कोपराला भोक पडलेला तो निळा स्वेटर नव्हे. ही वस्तू तिच्या पोटात होती, उजवीकडे, कमरेच्या हाडाला टेकून, हात ठेवला की मुठीएवढी लागायची. आणि तीन वर्षं निमूट काम करून गेल्या आठवड्यापासून तिने अंग चोरायला सुरुवात केली होती. पलीकडे भावोजी बहुधा जेवणाचं विचारत होते, कारण ताई म्हणाली की फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या, तेवढं तरी करा.

थोरलीचं धाकटीला, हा घरचा कायदा होता आणि तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. ताईचे फ्रॉक, ताईची दप्तरं, ताईचे बूट, पुढे कापसाचा बोळा कोंबून. आई ते फ्रॉक मांडीवर घेऊन उसवायची, आत घ्यायची, दुमडायची, आणि धाकटीच्या अंगावर चढवताना दरवेळी म्हणायची, बघ, नव्यासारखा झाला. तो नव्यासारखा कधीच व्हायचा नाही. काखेत ताईच्या घामाचा एक फिका नकाशा असायचा, आणि जुनी शिवण जिथून काढली तिथे सुईची भोकं ओळीने राहिलेली असायची, कितीही इस्त्री फिरवा. कापड विसरत नाही, हे धाकटी तेव्हा शिकली, आणि पुढे त्याच शिकण्यावर पोट भरलं. पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच. दुकानातल्या मुली, गिऱ्हाइकं, भावोजी, सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटून, आत शिवणीत मायेचं जादा कापड किती ठेवलं आहे ते अंगठ्याने चाचपून, वाढेल की नाही ते ती बघता बघता सांगते. पण एक गोष्ट तिच्या लक्षात यायला आजारपण यावं लागलं. लहानपणी ताईच्या अंगावर नवाकोरा फ्रॉक चढला की आई त्याच श्वासात म्हणायची, जपून वापर ग, धाकटीला घालायचाय. म्हणजे कपडा अंगात असतानाच तो तिचा नव्हता. ताई झाडावर चढली नाही, चिखलात बसली नाही, तिने कधी बाहीला नाक पुसलं नाही. ती आयुष्यभर धाकटीच्या वस्तू जपून वापरत होती. धाकटीला हे कळलं तेव्हा दया यायला हवी होती, पण आला तो राग, कारण असं जपून दिलेलं घेणाऱ्याला एक डागसुद्धा पाडायची मुभा राहत नाही.

धाकटीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हाही कायदा तोच लागू झाला. घरात टेबलाभोवती सगळे बसले होते, आई मटार सोलत होती, भावोजी पेपरामागे होते, धाकटी आदल्या दिवशीच्या डायलिसिसने पिळून निघाली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. आईने शेंग मोडली आणि म्हणाली, ताई देईल की. एवढंच. मटाराचा दाणा वाटीत पडावा तसं ते पडलं. पेपर हलला नाही. ताई उठली आणि तिने ओट्यावरचं आधीच पुसलेलं पाणी पुन्हा पुसलं. आई ते वाक्य बोलून मोकळी झाली, आणि पुढच्या वर्षी खरीच मोकळी झाली. निस्तरायला या दोघी राहिल्या.

सकाळी डॉक्टर आल्या होत्या. तरुण आहेत, केस घट्ट बांधतात, आणि समजावून सांगायला लागल्या की पलंगाच्या काठावर बसतात, जे ताई कधी करत नाही. ताई उभी राहते, खुर्ची असली तरी. शरीर किडनीवर उलटलंय हे तपासणीत दिसलं होतं, तुकडा काढून बघितला होता. धाकटीने विचारलं की तीन वर्षांनी का. गोळी एकही चुकवली नाही, मग आत्ताच का. डॉक्टरांनी तिच्या चादरीवर बोटाने काहीबाही रेघा ओढत सांगितलं. शरीरात राखण करणाऱ्या काही पेशी अशा असतात की लगेच धावून जातात. आणि काही शिकणाऱ्या असतात, शत्रू ओळखायला शिकतात आणि शिकलेलं जन्मभर ध्यानात ठेवतात. या शिकणाऱ्या पेशींना नुसतं परकं दिसून भागत नाही. परकं दिसलं आणि आजूबाजूला शांतता असली, तर त्या पुष्कळदा दुर्लक्ष करतात, पेंगतात. त्यांना उठवायला कुणीतरी धोका धोका म्हणून ओरडावं लागतं. अंगात जंतू शिरला, सूज आली, की हे ओरडणं सुरू होतं. पेशी एकमेकींकडे निरोप पाठवतात, बारीक रेणूंचे, आम्ही त्यांना सायटोकाइन म्हणतो. तुम्हाला फ्लू झाला. ओरडा फ्लूच्या नावाने झाला, पण आवाज काय, सगळीकडे जातो. एरवी गोळ्यांनी त्या पेशींचे कान बंद ठेवलेले असतात, पण इतक्या गोंगाटात त्या उठल्या, आणि उठून बघतात तर समोर ही किडनी. मग त्या तीच शिकल्या. आता हे जे औषध जातंय ते आरडाओरडा बंद करेल, उठलेल्यांना बसवेल. आणि शिकल्यात ते, धाकटीने विचारलं. शिकलेलं पुसायला आमच्याकडे फारसं काही नाही, म्हणाल्या, त्यांना शांत ठेवायचं एवढंच. दुपारी रक्ताचा रिपोर्ट येईल, किडनी किती बिघडली ते सांगणारा आकडा चढायचा थांबला तर आशा धरू. मग उठता उठता त्यांनी विचारलं की फ्लू कुठून आला, घरात कुणी आजारी होतं का, माहीत असेल तर सांगा, म्हणजे कोणता विषाणू ते पक्कं होईल, आणि बाकीच्यांना जपता येईल. ताई खिडकीशी उभी होती. ती बाहेर बघत राहिली. धाकटी म्हणाली, लक्षात नाही.

लक्षात नाही कसं. सगळं लक्षात आहे. ऑपरेशनला तीन वर्षं झाली त्या दिवशी भावोजींनी केक आणला होता. त्यांनीच या दिवसाला किडनीचा वाढदिवस असं नाव पाडलंय आणि दरवर्षी स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतात. भावोजींचे भाऊ, शेजारचं जोडपं, दुकानातल्या दोघी, धाकटीची दोन खोल्यांची जागा भरून गेली होती. ताई सगळ्यांत शेवटी आली. दारातच तिच्या डोळ्यांच्या कडा लाल दिसल्या, आणि स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, घरात सगळे घामाघूम होत असताना. तिने खोकला गिळला. खोकला गिळताना गळ्याची शीर कशी ताठ होते ते धाकटीला तिच्या लहानपणापासून ठाऊक, एका खोलीत झोपायच्या दोघी. तिच्या हाताचा स्पर्श झाला तो तव्यासारखा. आणि धाकटीला डॉक्टरांनी हजारदा बजावलेलं होतं की शिंकणाऱ्या माणसाच्या वाऱ्याला उभं राहू नका. एक वाक्य पुरलं असतं. ताई, तुला ताप आहे, घरी जा. पण हे वाक्य त्या खोलीत म्हणायचं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने ऐकलं असतं. किडनी पोटात घातली आणि देणारीला दारातून परत लावलं. आणि ताई तरी का आली अंगात ताप घेऊन, गोळी खाऊन? कारण आली नसती तर हेच लोक म्हणाले असते, पस्तावली वाटतं. ज्या दोन बहिणींचं खरंच सख्य असतं त्या एकमेकींना सरळ सांगतात की आज येत नाही, मी आजारी आहे; या दोघींचं तसं नव्हतं, म्हणून त्यांना भेटावंच लागलं. मग भावोजींनी फोटो काढायचं ठरवलं. जवळ या, अजून जवळ, म्हणाले, एकाच मालाच्या दोघी, अंतर कसलं ठेवता. ताईचा तापलेला गाल धाकटीच्या गालाला येऊन चिकटला. दोघींनी श्वास रोखला होता. धाकटीला आठवतं, तिने स्वतः रोखला होता, आणि शेजारचा श्वासही येत नव्हता. मग भावोजी म्हणाले, हसा, आणि दोघी हसल्या, हसायला श्वास सोडावा लागतो.

बाटलीतला थेंब फुगला, लांबला, पडला. औषधाने तोंडात पत्र्यासारखी चव आली होती आणि डोकं विनाकारण लख्ख झालं होतं. नर्सने सांगितलंच होतं की याने झोप उडते, माणूस बडबडा होतो, चिडतो. धाकटीला वाटलं, म्हणजे माझं चिडणंही आता माझं नाही, बाटलीतलं आहे. त्या पेशींचा तिला विचार सुटेना. तीन वर्षं परकं समोर दिसत होतं आणि त्या पेंगत होत्या. तशा तर ती आणि ताईही एका खोलीत पेंगतच वाढल्या की. ताईला अंधार लागायचा, हिला दिवा. ताई दुधाची साय काढून खायची, हिला नुसत्या वासाने मळमळायचं. वेगळ्या होत्या, पण त्याने कुणाचं बिघडत नव्हतं. ओरडलं ते बाहेरच्यांनी. मावशी आली की म्हणायची, थोरलीचं रूप नाही आलं हिला. शाळेतल्या बाई म्हणायच्या, तुझी बहीण बघ आणि तू बघ. आई म्हणायची, तिने कसं जपलं आणि तू काय केलंस. कुणी वाईट हेतूने नाही. कुणी कशाच्या, कुणी कशाच्या नावाने ओरडत होतं. पण प्रत्येक ओरडण्याला दोघी दचकून उठायच्या, आणि उठून बघतात तर समोर एकमेकी. अशा शिकल्या. आणि शिकलेलं पुसायला कुणाकडे काही नाही.

आणि मग ती पर्स. तिचा विचार धाकटी करत नाही असं तिने ठरवलेलं आहे, म्हणजे रोज करते. ऑपरेशनच्या आधी किडनी देणाऱ्याला एकट्याला खोलीत बसवून विचारतात. समुपदेशक बाईंनी दोघींसमोरच सांगितलं होतं, अगदी सरळ, की मनात नसेल तर आत सांगा, आम्ही बाहेर एवढंच सांगू की जुळत नाही. खरं कारण कुणालाही कळणार नाही, बहिणीलाही नाही. ते ऐकताना धाकटीने जमिनीवरच्या फरशीच्या भेगेकडे बघितलं होतं. ताईने पर्स तिच्या हातात दिली, म्हणाली, धर, आणि आत गेली. दार लागलं. धाकटीने पर्स मांडीवर घेतली. काळी, चामड्याची, कडा झिजलेली. तिचा बंद दोन्ही हातांत घट्ट धरला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं आणि समोरच्या दारात तिचं जगणं अडकलं होतं. बऱ्याच वेळाने ताई बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा, हलका. तसा चेहरा धाकटीने तिचा आयुष्यात पाहिला नव्हता, सुट्टी लागलेल्या मुलीसारखा. ती दोन पावलं आली आणि थांबली. पर्सकडे बघितलं. पर्स धरलेल्या हातांकडे बघितलं, डायलिसिसच्या सुयांनी गाठी गाठी झालेल्या. मग तो हलकेपणा चेहऱ्यावरून उतरला, दिवा मालवावा तसा, आणि ती म्हणाली, चष्मा राहिला आत. वळली आणि पुन्हा दारामागे गेली. चष्म्याची पेटी धाकटीच्या मांडीला टोचत होती. तिने पर्स उघडून बघितलं. पेटी होती, पेटीत चष्मा होता. तिने पर्स मिटली, चेन ओढली, शेवटपर्यंत. ताई परत आली तेव्हा म्हणाली, मिळाला. धाकटी म्हणाली, बरं झालं. झालं, एवढंच. पुढे चार आठवड्यांनी दोघींना शेजारशेजारच्या टेबलांवर झोपवलं. मात्र त्या दिवसापासून पोटावर हात ठेवला की तिला कळत नाही की आपल्याला नक्की काय दिलं गेलं, होकार की नकार, आणि ताई समोर आली की ती मनातल्या मनात चेन शेवटपर्यंत ओढून घेते.

पडदा सरकला. ताई आत आली, फोन पर्समध्ये टाकत. पर्स आता दुसरी होती. आल्या आल्या तिने पलंगाखालचं लघवीचं मोजपात्र उचलून उजेडात धरलं, गिऱ्हाईक कापड बघतं तसं.

“सकाळपासून एवढीच?”

“तुझ्या वस्तूला विचार,” धाकटी म्हणाली.

मोजपात्र जागच्या जागी थांबलं. ताईला कळलं की पडद्यातून ऐकू गेलं आहे, आणि धाकटीला कळलं की तिला कळलं. नेहमीच्या रिवाजाने इथे कुणीतरी पाण्याचं, उशीचं, भावोजींच्या जेवणाचं काढायचं असतं. ताईने पात्र खाली ठेवलं, हात धुतले, कोरडे केले, आणि उशी दुसरी मागवू का म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, नको. मग तू पाणी तरी पी. मोजून दिलंय, संपलं. मग गप्प पड. पडलेलीच आहे. शेजारच्या पलंगावरची म्हातारी कूस बदलून यांच्याकडे तोंड करून झोपली, म्हणजे झोपली नाही. ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. धाकटीने पाय पसरलेले होते, मुद्दाम, हे दोघींनाही माहीत होतं. पलंगाच्या कडेला एक माणूस टेकेल एवढी जागा त्या पायांनी अडवली होती.

डॉक्टर आल्या त्या हातात काही नसताना आल्या, म्हणून धाकटीने वाईटच गृहीत धरलं. पण त्या म्हणाल्या, आकडा चढायचा थांबलाय. उतरला नाही अजून, पण थांबलाय. उद्या, परवा हेच औषध चालू ठेवायचं. ताईने पलंगाची लोखंडी पट्टी घट्ट धरली. डॉक्टर म्हणाल्या की विषाणूचं तेवढं कळलं असतं तर बरं होतं, खरंच घरात कुणीच आजारी नव्हतं का? धाकटीने तोंड उघडलं. लक्षात नाही हे दोन शब्द जिभेवर तयार होते, घासून घासून गुळगुळीत झालेले.

“मी होते,” ताई म्हणाली. “ताप होता. गोळी घेऊन आले होते हिच्याकडे. फोटोला गालाला गाल लावून बसले.”

डॉक्टरांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. ताप कधी आला, खोकला होता का, इतर कोण होतं, एवढं विचारून घेतलं, ताईच्या नाकातोंडातला नमुना घ्यायला नर्सला पाठवते म्हणाल्या, आणि गेल्या. पडदा थोडा वेळ हलत राहिला. उलटी दुमड पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोरून गेली. धाकटीला अपेक्षा होती की आता हायसं वाटेल किंवा संताप येईल, पण आत कुणीच ओरडेना. कान देऊन बघितलं, कुणीच नाही. फार दिवसांनी इतकी शांतता होती, आणि त्या शांततेत ताई तिला नुसती दिसली. पायथ्याशी उभी असलेली एक थकलेली बाई, स्वेटरचं वरचं बटण तुटून दोऱ्यावर लोंबतंय, डाव्या कुशीवर हात, जिथे आता तिच्या आत एक जागा रिकामी आहे. ती बाई आपल्यासारखी नव्हती. कधीच नव्हती.

“त्या दिवशी चष्मा पर्समध्येच होता,” धाकटी म्हणाली.

कोणत्या दिवशी, असं ताईने विचारलं नाही. तिने लोंबणारं बटण चिमटीत धरलं, फिरवलं, सोडून दिलं. बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली, तिचं एक चाक दर फेऱ्याला कुरकुरत होतं, ते पार दूर जाईपर्यंत ताई उभीच राहिली. धाकटीने पाय दुमडून घेतले. ताईने त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघितलं, आणि मग बसली, काठावर, पाहुण्यासारखी, धाकटीकडे पाठ करून.

“आत मी नाही म्हणाले होते,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, देणार का म्हणून. मी नाही म्हणाले. इतकं बरं वाटलं ग. बाहेर आले तर तू माझी पर्स घेऊन बसलेली, दोन्ही हातांनी धरून, कुणी पळवून नेईल अशी. एवढी नीट धरलेलीस.” तिने खोकला गिळला नाही या वेळी, तोंड फिरवून रुमालात खोकली. “म्हणून गेले परत. पण मला द्यायची नव्हती. आजही कुणी विचारलं, तर मी नाहीच म्हणेन.”